पडद्यावरची बोली : व्हिडिओ गेममधील जपानी-इंग्रजी शब्दांची देवघेव

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या बोलीत जपानी आणि इंग्रजी या दोन भाषांनी गेल्या पन्नास वर्षांत एकमेकींकडून इतके शब्द घेतले आहेत, आणि घेतलेले शब्द इतक्या वेळा नव्या अर्थाने परत केले आहेत, की त्यांतील पुष्कळ शब्दांविषयी 'हा मूळचा कोणाचा' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. शब्दांची उसनवारी म्हटली की एक देणारी आणि एक घेणारी अशा दोन भाषा गृहीत धरल्या जातात. देणारीचा शब्द घेणारीकडे जातो, तिथल्या उच्चाराचे वळण उचलतो आणि स्थिरावतो, असे त्याचे वर्णन करण्याची रीत आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणलेला पदार्थ मराठीत 'पाव' या नावाने रुळला आणि त्यांनीच जपानला नेलेला तोच पदार्थ जपानीत 'पान' या नावाने रुळला, ही अशा सरळ उसनवारीची उदाहरणे होत. यांपैकी कोणताही शब्द नवा अर्थ घेऊन पोर्तुगीज भाषेत परत गेला नाही. व्हिडिओ गेमच्या बोलीत मात्र असा परतीचा प्रवास पुन्हा पुन्हा घडलेला दिसतो. त्या प्रवासाचा मागोवा घेतला म्हणजे लक्षात येते की घेणाऱ्या भाषेने शब्दावर केलेले काम ही त्या शब्दाची मोडतोड नसते, तर अनेकदा तीच त्याची खरी घडण असते.

या व्यवसायाच्या आरंभीच एक जपानी शब्द उभा आहे. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या कंपनीला 'अटारी' हे नाव मिळाले ते 'गो' या पटावरील खेळातून. काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या या खेळात प्रतिपक्षाची सोंगटी पुढच्याच खेळीत पकडली जाईल अशी स्थिती आली की तिला 'अतारी' म्हणतात, आणि हा शब्द जपानच्या बाहेर गो खेळणाऱ्यांतही तसाच वापरला जातो. ज्या 'अतारु' या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ लागणे, आदळणे, नेमके बसणे असा आहे. पुढे जपानी गेमनिर्मात्यांनी त्याच क्रियापदावरून 'अतारी हान्तेइ' ही संज्ञा वापरात आणली. गोळी शत्रूला लागली की नाही, पात्र भिंतीला आदळले की नाही, याचा जो निवाडा यंत्र क्षणोक्षणी करत असते त्याला हे नाव आहे, आणि इंग्रजी बोलणारे खेळाडू त्याच संदर्भात 'हिटबॉक्स' म्हणतात. एकच शब्द परदेशात कंपनीचे नाव झाला आणि मायदेशात तांत्रिक संज्ञा झाला, तरी या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या बाजूने इंग्रजी जपानच्या पडद्यांवर कशी पोहोचली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांचा धंदा अमेरिकी लष्करी तळांच्या आश्रयाने वाढला. 'सेगा' या कंपनीचे नाव 'सर्व्हिस गेम्स' या दोन इंग्रजी शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून तयार झाले आहे, आणि त्यातील 'सर्व्हिस' म्हणजे सैन्यसेवा. या यंत्रांवरील सूचना इंग्रजीत असत. पडद्यावरचे खेळ आले तेव्हा त्या सवयीला तांत्रिक कारणाचीही जोड मिळाली. त्या काळच्या यंत्रांत अक्षरे आडवे आठ आणि उभे आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांच्या चौकटीत बसवावी लागत. रोमन लिपीची सव्वीस अक्षरे आणि दहा अंक त्या चौकटीत सहज बसत आणि स्मृतीही थोडी खात, उलट जपानी लेखनातील हजारो चिनी चित्राक्षरांना ना ती चौकट पुरत असे ना ती स्मृती. त्यामुळे जपानी कंपन्यांनी जपानी गिऱ्हाइकांसाठी केलेल्या खेळांतही 'गेम ओव्हर', 'हाय स्कोअर', 'रेडी' ही अक्षरे इंग्रजीच राहिली. जपानी मुलांनी या शब्दांचे अर्थ शब्दकोशातून नव्हे, तर पडद्यावर काय घडते ते पाहून लावले, आणि असे लावलेले अर्थ मूळ अर्थांशी जुळतीलच असे नव्हते.

उच्चाराचा भाग त्यानंतर येतो. जपानीत शब्दाची लांबी मात्रांनी मोजली जाते, आणि मात्रावृत्तांची ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि शब्दातील सुट्या अनुनासिकाचीही स्वतंत्र एक. जपानीत जवळजवळ प्रत्येक व्यंजनाला स्वर जोडावा लागत असल्याने इंग्रजी शब्द जपानीत आला की लांबतो, आणि लांबलेल्या जोडशब्दाच्या प्रत्येक घटकातून दोन मात्रा घेऊन चार मात्रांचे लघुरूप करण्याची तिथे पक्की सवय आहे. 'पर्सनल कॉम्प्युटर'चे 'पासोकोन' झाले ते या सवयीने. निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ला 'फामिकोन' म्हणू लागले तेही याच सवयीने. सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक या कंपनीने केलेला आणि १९९६ मध्ये निघालेला 'पॉकेट मॉन्स्टर' हा खेळ लोकांच्या तोंडी 'पोकेमोन' झाला. जपानमध्ये खेळांच्या वेष्टनावर आजही पूर्ण नाव छापले जाते, परंतु परदेशी बाजारात अधिकृत नाव म्हणून गेले ते लघुरूप. जगभरची मुले जे नाव जपानी म्हणून उच्चारतात त्याचे दोन्ही घटक इंग्रजी आहेत. जपानी आहे ती फक्त काटछाट, पण नावाला ओळख मिळाली ती त्या काटछाटीमुळेच. अशा शब्दांना जपानी भाषाअभ्यासक 'वासेइ एइगो', म्हणजे जपानमध्ये घडवलेली इंग्रजी, असे म्हणतात. मूळ इंग्रजी भाषकांना ही इंग्रजी चुकीची वाटते हा तिच्यावरील जुना आक्षेप आहे, आणि व्हिडिओ गेमच्या इतिहासाने तो बऱ्याच अंशी निकालात काढला आहे, कारण यांतील कित्येक शब्द मूळ भाषकांनीच पुढे आपलेसे केले.

'वन-अप' या शब्दाचा प्रवास या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. बेसबॉलमध्ये ज्याची फलंदाजीची पाळी आली त्याला इंग्रजीत 'अप' म्हणतात. अमेरिकी पिनबॉल यंत्रांवर दोन किंवा अधिक खेळाडू आळीपाळीने खेळत, तेव्हा कोणाची पाळी चालू आहे हे दाखवणाऱ्या दिव्यापाशी याच अर्थाचा 'प्लेअर अप' हा मजकूर असे. पडद्यावरच्या खेळांनी ती रीत उचलली आणि तिचा संक्षेप केला. डाव्या कोपऱ्यात एकचा आकडा आणि त्याला चिकटून 'अप', उजव्या कोपऱ्यात दोनचा आकडा आणि 'अप', अशी अक्षरे खेळाडूंच्या गुणसंख्येवर दिसू लागली. १९८० च्या पॅक-मॅनच्या पडद्यावरही ती आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ 'पहिला खेळाडू', 'दुसरा खेळाडू' इतकाच आहे. जपानीत मात्र 'अप्पु' हा शब्द त्याआधीपासून वाढ किंवा सुधारणा या अर्थाचे नाम म्हणून रुळलेला होता. कामगार संघटना दर वसंत ऋतूत मालकांशी ज्या मूळ पगारवाढीच्या वाटाघाटी करतात त्या वाढीला 'बेसु अप्पु' म्हणतात, आणि लोकांच्या मनातील प्रतिमा उजळली तर तो 'इमेजी अप्पु' असतो. ज्या कानांना ही रूपे सवयीची होती त्यांना 'वान अप्पु' म्हणजे 'एकाने वाढ' असेच ऐकू येणार. सप्टेंबर १९८५ मध्ये आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये खेळाडूने दडलेली हिरवी अळंबी मिळवली की त्याला एक जादा जीव मिळतो, आणि त्या क्षणी पडद्यावर तीच अक्षरे उमटतात. बेसबॉलमधील पाळीचे नाव जादा जिवाचे नाव झाले, आणि यात कोणा भाषांतरकाराचा हात नव्हता, कारण भाषांतर करायला जपानी मजकूर मुळात नव्हताच. खेळ अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या मुलांनी ही अक्षरे आपल्याच भाषेतील म्हणून वाचली, त्यांना जपानी व्याकरणाने दिलेला अर्थ पडद्यावरून शिकून घेतला, आणि आज इंग्रजीत 'वन-अप' हे जादा जिवाचे सरळ नाव आहे. कुणावर कुरघोडी करणे या अर्थाचे 'वन-अप' हे क्रियापद इंग्रजीत वेगळ्या वाटेने आलेले आहे; त्याचा या नामाशी संबंध नाही. अक्षरे बदलली नाहीत, बदलला तो 'अप' या शब्दाचा व्याकरणातील दर्जा, आणि तो बदल जपानीने केला.

नावांच्या बाबतीत या देवघेवीत कायद्याची आणि लोकलज्जेची भीतीही शिरली. नाम्को कंपनीत तोरू इवातानी यांनी केलेल्या खेळाचे नाव जपानमध्ये आधी 'पक-मॅन' होते, आणि ते 'पाकु-पाकु' या ध्वन्यनुकारी शब्दावरून आले होते. मराठीत 'गपागप' खाणे म्हणतात तसा तोंडाची उघडझाप करत खाण्याचा हा जपानी शब्द आहे. अमेरिकेत यंत्रे पाठवताना रोमन लिपीतील त्या नावाचे पहिले अक्षर कोणी खरवडले तर शिवी तयार होईल, या भीतीने 'पॅक-मॅन' हे नाव घेण्यात आले, आणि पुढे तेच जपानमध्येही चालू झाले. कॅपकॉम कंपनीच्या १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू' मध्ये गोंधळ याहून मोठा आहे. मूळ जपानी खेळात मुष्टियोद्ध्याचे नाव एम. बायसन, लोखंडी नखे लावणाऱ्या स्पॅनिश योद्ध्याचे नाव बॅलरॉग आणि हुकूमशहाचे नाव वेगा असे होते. मुष्टियोद्ध्याचे नाव माइक टायसन यांच्या नावाशी फार मिळतेजुळते असल्याने अमेरिकेत दावा होईल अशी शंका आली आणि तिन्ही नावांची आपसांत फिरवाफिरव झाली, त्यामुळे इंग्रजी खेळात हुकूमशहा एम. बायसन झाला, मुष्टियोद्धा बॅलरॉग झाला आणि नखेवाला वेगा झाला. पुढे दोन्ही देशांचे खेळाडू एकमेकांशी स्पर्धांतून भिडू लागले, तेव्हा 'वेगा' म्हटल्यावर नेमका कोण हे कळेनासे झाले, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत इंग्रजी बोलणारे खेळाडू या तिघांना 'बॉक्सर', 'क्लॉ' आणि 'डिक्टेटर' म्हणू लागले. कायद्याच्या भीतीने निर्माण केलेली अडचण खेळाडूंनी सोडवली, आणि ती अधिकृत नावांना हात न लावता सोडवली, हे या बोलीच्या स्वभावाला धरूनच झाले.

मारामारीच्या खेळांची परिभाषा हा या विषयातील सर्वांत भरलेला भाग आहे, कारण तिथे शब्द सेकंदाच्या अंशात घडणाऱ्या गोष्टींना द्यावे लागतात आणि शब्द नेमका नसेल तर डावही समजावून सांगता येत नाही. प्रतिपक्षाचा प्रहार अडवणे याला इंग्रजी खेळाडू 'ब्लॉक' म्हणतात, तर जपानी खेळाडू 'गादो', म्हणजे इंग्रजीच 'गार्ड', म्हणतात. १९९७ मध्ये आलेल्या 'स्ट्रीट फायटर थ्री' या खेळात प्रहार येण्याच्या नेमक्या क्षणी पुढे सरसावून तो निष्प्रभ करण्याची नवी युक्ती आली. जपानमध्ये तिचे नाव 'बुरोक्किंगु', म्हणजे 'ब्लॉकिंग', ठेवण्यात आले. परंतु इंग्रजीत 'ब्लॉक' ही जागा आधीच भरलेली होती, म्हणून तिथे तलवारबाजीतील 'पॅरी' हा शब्द आणावा लागला. एकाच यंत्रातील दोन कृतींसाठी तीन इंग्रजी शब्द वापरात आले, आणि मधला शब्द दोन्ही भाषांत वेगवेगळ्या कृतीचा वाचक झाला. दोन भाषांनी एकाच कोठारातून शब्द उचलले तरी प्रत्येकीची मांडणी तिची स्वतःची असते, याचा इतका स्वच्छ दाखला भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही सहसा सापडत नाही.

याच क्षेत्रात शुद्ध जपानी शब्दही इंग्रजीत गेले. खाली पडलेला प्रतिस्पर्धी उठत असतानाच त्याच्यावर चाल करून जाणे याला 'ओकिझेमे' म्हणतात; 'ओकि' म्हणजे उठणे आणि 'सेमे' म्हणजे चढाई, आणि समासात दुसऱ्या पदाच्या आरंभीचा कठोर वर्ण मृदू होण्याच्या जपानी नियमाने 'से'चा 'झे' झाला आहे. इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनी हा शब्द घेतला आणि त्यांनीही तो कापला, पण त्यांनी राखले ते 'ओकि'. ज्याला मूळ शब्दात चढाईचा अर्थ मुळीच नाही, असा उठण्याचा वाचक तेवढा इंग्रजीत चढाईचे नाव झाला. 'कारा कॅन्सल' ही संज्ञा तर दोन भाषांच्या सांध्यावरच उभी आहे. एखादा वार सुरू करून तो लागण्याआधीच रिकामा तोडून दुसरी हालचाल करणे असा तिचा अर्थ, आणि तिच्यातील 'कारा', म्हणजे रिकामा, हा जपानी शब्द इंग्रजी खेळाडूंनी भाषांतर न करता ठेवला. उलट दिशेने 'कॉम्बो' हा इंग्रजी शब्द जपानीत गेला, जिथे त्याच्यासाठी 'रेन्झोकुवाझा', म्हणजे सलग डाव, अशी संज्ञा होती आणि अजूनही आहे. प्रतिपक्षाला सावरायला वाव न देता एकामागून एक वार जोडत जाण्याचा हा प्रकार 'स्ट्रीट फायटर टू'च्या कर्त्यांनी योजलेला नव्हता. खेळ घडत असताना तो लक्षात आला आणि काढून न टाकता राहू दिला गेला. पुढे संपूर्ण प्रकाराचा कणा ठरलेल्या गोष्टीला नाव नव्हते, याचे कारण तिची योजनाच कोणी केली नव्हती.

भूमिका घेऊन खेळायच्या कथाप्रधान खेळांची परिभाषा याहून संथपणे जपानच्या रोजच्या बोलण्यात उतरली. अमेरिकेत १९७४ मध्ये निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळात पात्राने मिळवलेला अनुभव गुणांत मोजला जाई. तिथून ही कल्पना संगणकावरच्या खेळांत आणि तिथून युजी होरी यांच्या १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये आली, जिथे तिचे जपानी नाव 'केइकेन्ची', म्हणजे अनुभवमूल्य, असे घराघरांत पोहोचले. आज जपानीत एखाद्या कर्मचाऱ्याची, शल्यचिकित्सकाची किंवा प्रेमिकाची 'केइकेन्ची' जास्त आहे असे म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात कोणताही खेळ नसतो. 'लास्ट बॉस'चे 'रासुबोसु' हे चार मात्रांचे लघुरूप खेळाच्या शेवटी भेटणाऱ्या सर्वांत बलाढ्य शत्रूचे नाव. वर्षअखेरीच्या दूरदर्शन संगीतसभेत प्रचंड आकाराची वेशभूषा करून गाणाऱ्या साचिको कोबायाशी यांना चाहते प्रेमाने 'रासुबोसु' म्हणतात, आणि त्यांनीही हे नाव आनंदाने स्वीकारले आहे.

परंतु सर्वांत लांबचा प्रवास केला तो 'फ्लॅग' या शब्दाने. संगणकाच्या परिभाषेत एखादी गोष्ट घडली आहे की नाही एवढेच 'हो' किंवा 'नाही' असे नोंदवून ठेवणाऱ्या स्मृतीतील खुणेला 'फ्लॅग' म्हणतात. खेळाडूला किल्ली सापडली की ही खूण बदलते आणि पुढे ती पाहूनच यंत्र दार उघडते. इंग्रजीत प्रोग्रामर ती खूण 'सेट' करतात, आणि त्या क्रियापदात निशाणाचे चित्र उरलेले नाही. जपानीत मात्र 'फुरागु ओ तातेरु', म्हणजे निशाण उभारणे, असा प्रयोग रूढ झाला, आणि काठी रोवून निशाण उभारायलाही तेच क्रियापद असल्याने इंग्रजीत विझलेली प्रतिमा जपानीत पुन्हा जिवंत झाली. कोनामी कंपनीच्या १९९४ च्या 'तोकिमेकी मेमोरियल'सारख्या प्रेमकथांच्या खेळांत कोणत्या पात्राशी कोणत्या वेळी काय बोलले यावर शेवट ठरतो, त्यामुळे तिथले खेळाडू अमुक मुलीचे निशाण उभे राहिले किंवा राहिले नाही अशा भाषेत बोलू लागले. खेळाडूंची ही दृष्टी मग खेळाबाहेरच्या कथांनाही लागू झाली. युद्धपटातील सैनिक आघाडीवर निघताना 'परत आलो की लग्न करणार' असे म्हणाला की प्रेक्षक ओळखतो, हा आता वाचत नाही. अशा बोलण्याला 'शिबो फुरागु', म्हणजे मृत्यूचे निशाण, असे नाव पडले. निशाणाच्या प्रतिमेतून पुढची क्रियापदेही निघाली : संकट टळले तर निशाण मोडले, आणि भाकीत खरे ठरले तर ते 'गोळा झाले'. हा सगळा संसार घेऊन शब्द इंग्रजीत परतला. जपानी कथा आणि खेळ इंग्रजीतून वाचणारे-खेळणारे लोक 'डेथ फ्लॅग' म्हणतात, आणि प्रेमकथेच्या खेळात खलनायिका म्हणून पुनर्जन्म झालेल्या मुलीच्या एका गाजलेल्या कादंबरीमालेच्या इंग्रजी अनुवादात नायिका आपल्यावरचे 'डूम फ्लॅग' टाळण्यासाठी धडपडत असते. 'फ्लॅग' हा इंग्रजी भाषेचा शब्द, पण कथेतील अशुभ चिन्ह हा त्याचा अर्थ तिला जपानीकडून मिळालेला आहे. व्युत्पत्तीच्या कोशात या अर्थापुढे नुसते 'जर्मानिक मूळ' लिहिले तर ती नोंद अपुरी राहील, आणि नुसते 'जपानी' लिहिले तर ती चुकीची ठरेल.

ध्वन्यनुकारी आणि लष्करी शब्दांचेही असे प्रवास आहेत. दुकानाबाहेरच्या यंत्रात नाणे टाकून कळ फिरवली की होणारा आवाज 'गाचा', आणि त्यातून खेळणे असलेली गोल डबी पडण्याचा आवाज 'पोन'. मोबाइलवरील खेळांत पैसे भरून कोणते पात्र मिळेल ते नशिबावर सोडण्याच्या पद्धतीला यावरून 'गाचा' हे नाव मिळाले. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवणाऱ्याला मोठे बक्षीस देणारा तिचा एक प्रकार 'कोम्पु गाचा' या नावाने ओळखला जाई, आणि त्यातील 'कोम्पु' हे 'कम्प्लीट'चे लघुरूप आहे; जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२ मध्ये तो बेकायदा असल्याचे जाहीर केले. इंग्रजीने 'गाचा' हा शब्द जसाच्या तसा घेतला, आणि २०२० मध्ये आलेल्या 'गेन्शिन इम्पॅक्ट' या चिनी खेळाच्या यशानंतर तो जगभर पसरला. जपानीत मात्र तो खेळातून बाहेर पडून समाजावरचे भाष्य झाला. आपण कोणत्या आईवडिलांच्या पोटी जन्मतो हे आपल्या हाती नसते आणि पुढचे आयुष्य मात्र त्यावरच ठरते, अशी तरुणांची खंत 'ओया गाचा', म्हणजे आईबापांची सोडत, या शब्दात व्यक्त झाली, आणि २०२१ च्या जपानी नवशब्द पुरस्कारांत तो पहिल्या दहांत होता. जिंकणे अशक्य असलेला खेळ या अर्थाचा 'मुरीगे' हा शब्दही त्याच वर्षी एका समाजचिंतनपर पुस्तकाच्या नावात आला. 'दान्माकु' हा विमानविरोधी तोफांच्या माऱ्याचा, गोळ्यांच्या पडद्याचा शब्द. १९९० च्या दशकात तोआप्लान आणि केव्ह या कंपन्यांच्या खेळांत पडदाभर शत्रूच्या गोळ्या पसरू लागल्या तेव्हा तो त्या प्रकाराला मिळाला. २००६ मध्ये सुरू झालेल्या निकोनिको या चित्रफितींच्या सेवेवर प्रेक्षकांचे शेरे चित्रावरूनच सरकत जात, आणि शेऱ्यांनी चित्र झाकले की त्यालाही 'दान्माकु' म्हणू लागले. हाच अर्थ तीच चित्राक्षरे घेऊन चीनमध्ये गेला आणि तिथे उच्चार 'दान्मू' झाला, तर इंग्रजीत गोळ्यांच्या खेळांपुरता 'दान्माकु' आणि 'बुलेट हेल' हे दोन्ही शब्द नांदत आहेत.

खेळप्रकारांच्या नावांत मात्र देवघेवीला मानापमानाचीही किनार आहे. 'व्हिज्युअल नॉव्हेल' ही संज्ञा जपानमध्ये लीफ कंपनीने १९९६ मध्ये आपल्या मालिकेच्या नावात वापरली आणि इंग्रजीने ती बिनतक्रार स्वीकारली. 'मेट्रॉइडव्हेनिया' हे नाव इंग्रजी बोलणाऱ्यांनी दोन जपानी खेळमालिकांच्या नावांतून जुळवले, पण त्यातील 'कॅसलव्हेनिया' हे नाव अमेरिकेच्या बाजारासाठीच ठेवलेले होते. जपानमध्ये ती मालिका 'आकुमाजो ड्रॅक्युला' आहे. तरीही आज हे जोडनाव जपानी खेळाडूंच्याही वापरात आहे. 'जे-आरपीजी', म्हणजे जपानी धाटणीचा भूमिकाप्रधान खेळ, ही संज्ञा मात्र बाहेरच्यांनी जपानी खेळांवर लावलेली चिठ्ठी होती. 'फायनल फँटसी सिक्स्टीन'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी फेब्रुवारी २०२३ मधील एका मुलाखतीत सांगितले की ही संज्ञा पहिल्यांदा कानावर आली तेव्हा जपानी निर्मात्यांना ती भेदभावाची वाटली. ते म्हणणे गांभीर्याने घ्यायला हवे, कारण एका देशातील अत्यंत वेगवेगळ्या कलाकृतींना देशाच्या नावाने एकत्र बांधले की त्यांच्यातील भेद पाहण्याची गरजच उरत नाही. याउलट 'ए'च्याही वरची 'एस' ही श्रेणी, जी काही जपानी विद्यापीठांच्या गुणपत्रिकांतही आढळते, जपानी खेळांतून इंग्रजीत गेली आणि आज खेळाशी काही देणेघेणे नसलेले लोकही खाद्यपदार्थांपासून चित्रपटांपर्यंत कशालाही 'एस टिअर' म्हणतात. त्यात कोणाचा मान गेला नाही.

या सर्व शब्दांचा माग आज काढता येतो, याचे मोठे श्रेय जपानी गेमनियतकालिकांना आहे. १९८५ मध्ये निघालेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर मॅगझिन'सारख्या मासिकांनी खेळातील छुप्या युक्त्या छापल्या, आणि 'उरावाझा', म्हणजे मागच्या दाराची युक्ती, हा शब्द लहानथोरांच्या ओठी बसला. पुढे दूरदर्शनच्या एका कार्यक्रमाने घरगुती कामांतील क्लृप्त्यांना तोच शब्द लावला आणि २००८ मध्ये तो अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पुस्तकाच्या नावातही आला. या मासिकांच्या छपाईतील चुकासुद्धा बोलीचा भाग झाल्या. 'गेमेस्ट' या मासिकात मोटारशर्यतीच्या खेळाविषयी लिहिलेल्या मजकुरात 'हान्दोरु', म्हणजे स्टिअरिंग, उजवीकडे वळवावे असे होते. हस्ताक्षर नीट न लागल्याने छापताना त्याचे 'इन्दोजिन', म्हणजे भारतीय माणूस, झाले, आणि भारतीय माणसाला उजवीकडे वळवावे असा तो मजकूर जपानी खेळाडूंच्या स्मरणात कायमचा राहिला. शब्द कोणत्या महिन्यात, कोणाच्या हातून, कोणत्या चुकीने जन्मला हे इतक्या निश्चितपणे सांगता येणे भाषेच्या इतिहासात विरळाच घडते, आणि ते घडले याचे कारण कोणीतरी ही मासिके जपून ठेवली.

मराठीला या अभ्यासात बाहेरून पाहणारीचीच भूमिका घ्यावी लागावी असे नाही. मैदानात खेळताना मूठ वर करून डाव थांबवणाऱ्या मराठी मुलांनी 'टाइम प्लीज'चे 'टॅम्प्लीज' केले, तेव्हा त्यांनी जपानी मुलांप्रमाणेच परक्या शब्दावर स्वतःच्या कानाने काम केले होते; परंतु तो शब्द कधी आणि कुठे प्रथम ऐकू आला याची नोंद कोशांत शोधू जाता निराशाच पदरी येते. आता तीच मुले आणि त्यांची मुले मोबाइलवर खेळताना लेव्हल पार करतात, बॉस मारतात, लाइफ मागतात, आणि या शब्दांना मराठी प्रत्यय, मराठी क्रियापदे आणि काही ठिकाणी मराठी अर्थही लावतात. कोशकारांनी, भाषेच्या शिक्षकांनी आणि घरच्या मोठ्या माणसांनी असे शब्द, ते ज्या वाक्यात ऐकले त्या पूर्ण वाक्यासह, गावाचे नाव, साल आणि खेळ यांची नोंद करून आताच लिहून ठेवावेत.